मनमिळाऊ घोडे

मी ज्यांच्याविषयी लिहितो ते माझं लिखाण वाचत नाहीत. माझ्या मनःशांतीचं हे एकमेव कारण आहे. आमच्या वर्तमानपत्रात निधनवार्तेचं पान मी सांभाळतो. नातेवाईक चार ओळी आणि एक फोटो आणून देतात, त्याच्या आठ ओळी मी करतो. कुणी मितभाषी असतं, कुणी शिस्तप्रिय, कुणी परोपकारी, आणि ज्याच्यात काहीच सापडत नाही तो मनमिळाऊ. इतक्या वर्षांत एकाही मृत माणसाविषयी माझ्या हातून वाईट शब्द गेलेला नाही. आता एखादा फारच असेल, म्हणजे जेवताना घरच्यांच्या अंगावर ताट भिरकावणारा वगैरे, तर 'स्वभावाने काहीसे तापट, पण मनाने निर्मळ' असं लिहून मी त्याला मार्गस्थ करतो. त्या 'पण'च्या आधारावर आमचं घर चाललं आहे म्हणायला हरकत नाही.

अशा या सुखी माणसाला एका शुक्रवारी दुपारी संपादकांनी आत बोलावलं.

"तुम्हाला घोड्यांचं काही कळतं का?"

"नाही."

"छान. म्हणजे पूर्वग्रह नाही," संपादक म्हणाले.

आमच्या अंकात दर रविवारी 'चौखूर' या टोपणनावाने एक सदर येतं. त्या दिवशीच्या घोड्यांच्या शर्यती, त्यांत धावणारे घोडे, आणि प्रत्येक शर्यतीत कोण जिंकेल याचा अंदाज. हे चौखूर माझ्यापासून दोन टेबलं सोडून बसतात. देह असा की त्यांना बससाठी धावतानासुद्धा कुणी पाहिलेलं नाही. त्यांच्या घशाचं अचानक ऑपरेशन करावं लागलं होतं आणि रविवारचं सदर अधांतरी लोंबत होतं.

"पण मीच का?" मी विचारलं.

"तुम्ही थोड्या जागेत पुष्कळ जणांविषयी लिहिता. शिवाय त्यांतल्या कुणालाही तुम्ही भेटलेले नसता. हे तेच काम आहे. फक्त इथे सगळे जिवंत आहेत." संपादकांनी मग आवाज खाली आणला. "मात्र एक लक्षात ठेवा. चौखूर आजारी आहेत हे बाहेर कळता कामा नये. अगदी घरीसुद्धा."

मी नाही म्हणू शकलो असतो. म्हणालो नाही, याला कारण माझे सासरे.

सासरे बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. उभी हयात पूल तपासण्यात गेल्यामुळे कुठल्याही गोष्टीकडे ती कधी कोसळेल अशाच नजरेने बघतात. त्यांचा एक डोळा फार पूर्वीच गेला होता, दुसऱ्यावर आता पडदा आला होता आणि त्याच्या ऑपरेशनसाठी ते आमच्याकडे येऊन राहिले होते. ऑपरेशन सोमवारी होतं. तर हे गृहस्थ माझ्याशी थेट बोलत नाहीत. लग्नाआधी मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "काय करता?" मी म्हणालो, "निधनवार्ता लिहितो." त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं, मग मुलीकडे वळून ते म्हणाले, "यांना विचार, चहा घेणार का." तेव्हापासून ते जे काही बोलतात ते तिच्यामार्फत. मी समोर बसलेलो असतो आणि ते म्हणतात, "तुझ्या नवऱ्याला सांग, पंखा कमी कर." मी पंखा कमी करतो. बायकोला यात काही वावगं वाटत नाही. ती म्हणते, "माझ्याशी तरी कुठे सरळ बोलतात?"

या माणसाचं एकाच लेखकावर प्रेम आहे, आणि तो लेखक म्हणजे चौखूर.

"लिहावं तर असं," ते मुलीला सांगतात. "छातीठोक. अमुक जिंकेल म्हणजे जिंकेल. चुकला तर चुकला, पण आधी सांगतो. नाहीतर तुझा नवरा. घोडा मेल्यावर त्याचं कौतुक."

आता मला सांगा, अशा माणसाचा जावई काय करेल? चौखूरचं सदर मी लिहायचं, सासऱ्यांनी ते चौखूरचं समजून ऐकायचं, आणि एकदा, फक्त एकदा, 'वा' म्हणायचं. माझं नाव त्यांना कळलं नाही तरी चालेल. तो 'वा' मला हवा होता. आणि लवकर हवा होता, कारण सोमवारच्या ऑपरेशनआधी रविवारी शर्यतीला जायचंच असा त्यांनी हट्ट धरला होता. डॉक्टरांनी डोळ्याची हमी दिली नव्हती. ही कदाचित त्यांना दिसणारी शेवटची शर्यत, असं बायको मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली होती.

मी संपादकांना हो म्हणालो आणि त्या क्षणापासून माझ्या पायाला भिंगरी लागली. खुर्चीत बसवेना, उभं राहवेना. घोडामैदान जवळ येणं म्हणजे काय ते मला आयुष्यात पहिल्यांदाच शब्दशः कळत होतं.

आधी मी इस्पितळात गेलो. चौखूर उशीला टेकून बसले होते. घसा शिवलेला, बोलायला सक्त मनाई. लिहून सांगा म्हणावं तर उजव्या हाताला सलाईन. मी खुर्ची जवळ ओढली, रविवारच्या घोड्यांची छापील यादी काढली आणि एकेक नाव हळू आवाजात वाचू लागलो. 'धीरोदात्त' म्हटल्यावर चौखूरांनी डोळे मिटले. ही संमती की ग्लानी, ते कळेना. 'सरसेनापती'ला त्यांनी तोंड वाकडं केलं. त्याच वेळी नर्सने सलाईनची सुई सारखी केली होती, त्यामुळे ते मत घोड्याविषयी होतं की सुईविषयी, हेही कळेना. 'फुलबाग'ला काहीच नाही. मात्र शेवटच्या शर्यतीतलं 'टाचणी' हे नाव उच्चारताच ते एकदम ताठ झाले. डाव्या हाताची बाही दातांनी वर ओढून त्यांनी मला दंड दाखवला. दंडावर दातांचे जुने वण होते. मग त्यांनी छताकडे बोट केलं, हवेत एक मोठा गोल काढला आणि घशातून काहीतरी आवाज काढण्याचा प्रयत्न केला. तो आवाज ऐकून नर्स धावत आली.

"पेशंटला त्रास देताय तुम्ही?"

"नाही हो, मी फक्त घोड्यांची नावं वाचतोय."

यावर तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी अजून विसरलेलो नाही. पुढच्या मिनिटाला मी जिन्यात होतो. हाती एवढंच लागलं की टाचणी नावाची घोडी चावते.

शनिवारी सकाळी मी रेसकोर्सवर गेलो. घोडे निदान डोळ्यांनी तरी पाहावेत, असा प्रामाणिक विचार होता. तबेल्याकडे जायला पास लागतो. वार्ताहराचा पास आमच्या ऑफिसकडे होता, तो मी बरोबर नेला होता. खिडकीतल्या कारकुनाने पास पाहिला, मला पाहिलं, पुन्हा पास पाहिला.

"फोटोत मिशा आहेत."

"काढल्या."

"फोटोतला माणूस जाड आहे."

"आजारी होतो."

"फोटोतल्या माणसाला मी ओळखतो," कारकून म्हणाला. "दर आठवड्याला माझ्याकडूनच चहा मागवतो."

मी खिडकीवर जरा वाकलो आणि खरं काय ते गुळमुळीतपणे सांगितलं: एक सहकारी, एक घसा, थोडी अडचण. त्याने ऐकून घेतलं. मनुष्य वाईट नव्हता, नियमाने बांधलेला होता. नव्या वार्ताहराला नवा पास लागतो, तो मंगळवारी मिळतो, आणि त्यासाठी ऑफिसचं पत्र लागतं.

"मंगळवारी शर्यती संपलेल्या असतील."

"मग उद्या या. उद्या घोडे सगळ्यांनाच बघता येतात. तिकीट काढा, आत जा."

"अहो, पण अंदाज आज लिहायचा आहे."

"अंदाजच ना?" कारकून म्हणाला. "त्याला बघायला कशाला लागतं?"

इथंच तर घोडं पेंड खात होतं. मी कुंपणाबाहेरून तासभर येरझाऱ्या घातल्या. लांबून एक तपकिरी ठिपका दिसला. तो घोडा असावा अशी माझी समजूत झाली होती, पण त्याने हातात बादली घेतल्यावर ती सोडून द्यावी लागली.

घरी आलो तर बैठकीत सभा भरली होती. गुप्तता पाळायची म्हणून मी बायकोला काही सांगितलं नव्हतं. पण झोपेत मी म्हणे 'धीरोदात्त' असं ओरडलो होतो, आणि सकाळी शर्टाच्या खिशात तिला घोड्यांची यादी सापडली होती. नवऱ्याला या वयात नाद लागला या काळजीने तिने समोर राहणाऱ्या दातांच्या डॉक्टरांना आणि खालच्या मजल्यावरच्या हवामानवाल्या काकांना बोलावून घेतलं होतं. काका हवामान खात्यातून निवृत्त झाले आहेत. अंदाज चुकण्याचा त्यांच्याइतका अनुभव आमच्या इमारतीत कुणालाच नाही.

दोघेही मला समजवायला आले होते आणि पाच मिनिटांत सल्ले देऊ लागले.

"घोडा ओळखायचा दातांवरून," डॉक्टर म्हणाले. "आ करायला लावायचं. दाढा झिजलेल्या असल्या तर त्याच्यावर एक पैसा लावू नका."

"दात काय करायचेत? तो चावून जिंकणार आहे का?" काका म्हणाले. "जमीन बघा. ओली असेल तर हलका घोडा, कोरडी असेल तर जड. उद्या कोरडी आहे."

"नक्की?"

"साधारणपणे," काका म्हणाले. जुनी सवय.

सासरे कोपऱ्यातल्या खुर्चीत डोळ्यांवर काळा चष्मा लावून बसले होते. ते मुलीला म्हणाले, "या सगळ्यांना सांग, उंटावरून शहाणपण पुरे. उद्या सकाळी चौखूर काय लिहितो ते बघू. आणि तुझ्या नवऱ्याला विचार, हा एकाएकी घोड्यांत का पडलाय?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "तुम्हाला उद्या सोबत हवी ना, म्हणून थोडी माहिती काढत होतो."

हे उत्तर इतकं चांगलं होतं की बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. सासऱ्यांनी मान हलवली की मानेला रग लागली म्हणून ती फिरवली, ते मला ठरवता आलं नाही. पण मला फार बरं वाटलं, आणि त्याच्या दुप्पट भीती वाटली.

मग मी ऑफिसात जाऊन लिहायला बसलो. समोर यादी: घोड्याचं नाव, वय, वजन, मागच्या शर्यतींतले क्रमांक. क्रमांकांवरून काही बोध होईना. एकच घोडा एकदा पहिला आणि एकदा शेवटचा आलेला, याला काय म्हणावं? सुरुवातीला मी चौखूरांसारखं छातीठोक लिहायचा प्रयत्न केला. 'सरसेनापती हा भिकार घोडा आहे' एवढं लिहिलं आणि घाम फुटला. खोडलं. त्या घोड्याच्या घरच्यांना काय वाटेल, हा विचार मनातून जाईना. त्याचाही कुणी मालक असेल, त्याला खायला घालणारं कुणी असेल, सकाळी अंक उघडेल आणि हे वाचेल. चार वेळा उठलो, पाणी प्यालो, खिडकी उघडली, लावली. शेवटी हाताला जे वळण होतं त्याच वळणाने तो गेला. तासाभरात सहाही शर्यती संपल्या. इतकं झरझर मी पूर्वी कधीच लिहिलं नव्हतं, आणि यातच काही चुकतंय हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

पहिला कोण येईल हा प्रश्नही मी आमच्या पानाच्या रीतीने सोडवला. आमच्याकडे परिवाराची नावं देताना ज्येष्ठ आधी, धाकटे नंतर, हा दंडक आहे. तो चुकला की भाऊ भाऊ ऑफिसात येऊन भांडतात. तेव्हा प्रत्येक शर्यतीत जो घोडा वयाने मोठा त्याला मी पहिला क्रमांक दिला. मला ते न्यायाचंही वाटलं.

रविवारी सकाळी बायकोने अंक माझ्या हातात दिला. "आज तुम्ही वाचून दाखवा बाबांना. मला डबा भरायचाय."

मी सासऱ्यांसमोर बसलो. आवाज सारखा केला.

"'पहिल्या शर्यतीत ज्येष्ठ अश्व धीरोदात्त धावत आहे. शांत, सोज्ज्वळ व मनमिळाऊ स्वभावामुळे तबेल्यात तो सर्वांना प्रिय आहे. गेली अनेक वर्षे त्याने मैदानाची अविरत सेवा केली असून...'"

सासऱ्यांचा चेहरा दगडासारखा.

"'...असून आज तोच प्रथम येईल. त्याच्या पश्चात सरसेनापती, फुलबाग...'"

मी थांबलो. हे मी लिहिलं होतं? आणि कुणीच खोडलं नव्हतं?

"पुढे वाचायला सांग," सासरे आतल्या दिशेने म्हणाले. आत बायको डबा भरत होती, तिला ऐकूही गेलं नसेल.

मी पुढे वाचत गेलो. सगळे घोडे शिस्तप्रिय होते. एक घोडी परोपकारी होती. एक घोडा प्रसिद्धीपासून दूर राहून काम करत होता, म्हणजे अजून एकही शर्यत जिंकलेला नव्हता. वाचता वाचता माझी मान खाली खाली जात होती. शेवटच्या शर्यतीपाशी आलो.

"'याच शर्यतीत टाचणी ही घोडीही धावत आहे. ती स्वभावाने काहीशी तापट, पण मनाने निर्मळ आहे.'"

"पुन्हा वाचायला सांग."

मी पुन्हा वाचलं.

"'पण' आहे का तिथं?"

"आहे," मी म्हणालो.

सासरे काठी शोधत उठले. "निघू या म्हणावं." 'वा' नाही, 'हं'सुद्धा नाही. ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला ते तर गेलंच, वर चौखूरचंही नाव मातीत घातलं. आणि आता त्या मजकुराच्या भरवशावर ते खिडकीवर जाऊन पैसे लावणार होते. त्यांना अडवायचं तर खरं सांगावं लागणार, आणि खरं सांगायला मला बंदी. मी मोजे उलटे घातले होते ते बायकोने दाखवून दिलं.

रेसकोर्सवर गर्दी होती. बायको घरीच राहिली होती, त्यामुळे आम्हा दोघांत बोलण्याची सोय उरली नव्हती. पण सासऱ्यांची हयात पुलांवर गेली होती. त्यांनी मार्ग काढला. ते हवेशी बोलू लागले.

"इथे बसायला हरकत नाही," ते हवेला म्हणाले. आम्ही बसलो. मग गळ्यातली दुर्बीण काढून त्यांनी बाकावर, आम्हा दोघांच्या मधोमध ठेवली. "आपल्याला पुढचं काही दिसत नाही. कुणीतरी बघून सांगावं."

मी दुर्बीण उचलली. पहिली शर्यत सुटली. जन्मात पहिल्यांदाच मी धावणारे घोडे पाहत होतो.

"पुढे कोण आहे?" हवेला प्रश्न आला.

"सगळेच छान धावतायत."

"धीरोदात्त कुठाय?"

मी पाहिलं. धीरोदात्त मैदानाच्या पार टोकाला होता. "तो..." मी शब्द शोधला, "तो इतरांना पुढे जाऊ देतोय."

सासऱ्यांचा ओठ किंचित हलला. मला वाटलं, संतापाने.

दुसऱ्या शर्यतीत परोपकारी घोडी शेवटची आली. तिसऱ्या शर्यतीत शिस्तप्रिय घोडा सुटायच्या जागी शिस्तीत उभाच राहिला. प्रत्येक शर्यतीआधी सासरे काठी टेकत खिडकीकडे जात, मला मागे बसायची खूण करत आणि परत येत. ते कशावर लावतात हे मला विचारायची हिंमत नव्हती. ते मला उघडच वाटत होतं. मागच्या रांगेत आमचे दातांचे डॉक्टर आणि हवामानवाले काका बसले होते. दोघांनीही सल्ले गुंडाळून ठेवून गुपचूप चौखूरवरच भिस्त ठेवली होती.

"त्या चौखूरला एकदा माझ्या खुर्चीत बसवा," डॉक्टर दात खात म्हणाले. "भूल न देता काढतो."

"काहीतरी बिघडलंय त्याचं," काका म्हणाले. "गेल्या आठवड्यापर्यंत माणूस बरा होता."

"लिहिण्यात तळमळ होती पण," मी म्हणालो. बोलून गेलो खरा. दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दुर्बीण डोळ्यांना लावली, घोडे तबेल्यात गेले होते तरी.

शेवटच्या शर्यतीआधी मात्र मला बसवेना. सासरे रांगेत उभे होते. आंधळा होत चाललेला म्हातारा, उद्या सकाळी ऑपरेशन, आणि मी लिहिलेल्या थापेवर तो आपली शेवटची शर्यत घालवणार. माझी मला लाज वाटली. गर्दीतून वाट काढत मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

"बाबा, त्या चौखूरचं ऐकू नका. त्याला घोड्यांतलं काडीचं कळत नाही. मी... मला ते पक्कं माहीत आहे."

सासऱ्यांनी मान वळवली नाही. "रांग पुढे सरकलीय," ते हवेला म्हणाले, आणि सरकले. मग खिडकीत वाकून मोठ्याने म्हणाले, "टाचणी."

मी पहिला क्रमांक दिला होता सदाशांत नावाच्या वृद्ध घोड्याला. टाचणी वयाने सगळ्यांत लहान, म्हणून मी तिला तळाला घातलं होतं.

शर्यत सुटायची वेळ आली तेव्हा टाचणी सुटायच्या जागी शिरेना. मी दुर्बिणीतून पाहत होतो आणि बोलत होतो, कारण माझ्या शेजारचा म्हातारा दोन्ही हात काठीवर ठेवून ऐकत होता.

"चार जण ढकलतायत तिला. एकाला चावली. दुसऱ्याला लाथ घालायला बघतेय, तो बाजूला झाला. गेली आत. सुटले. मागे आहे, मागेच आहे. अहो, ही कसली धावतेय, ही शेजारच्याला धक्के मारतेय. निर्लज्ज आहे. कुणाचं ऐकत नाही, स्वार ओढतोय तिकडे जात नाही, स्वतःलाच हवं तिथून घुसतेय. मधून घुसली. फट नव्हती तिथे फट पाडली हिने. आता पुढे दोघंच. एकाला मागे टाकलं. सदाशांत कुठे दिसतच नाही, मरू दे त्याला. महा हट्टी, महा आगाऊ आहे ही, बाबा, डोळे बघायला हवेत तिचे, रागाने फुटायला आलेत. चल, चल की. आली. पुढे आली. मानेएवढी पुढे. जिंकली."

मी खाली बसलो तेव्हा कळलं की मी बाकावर उभा होतो. आयुष्यात पहिल्यांदाच मी कुणाविषयी इतकं वाईट आणि इतकं मनापासून बोललो होतो.

गर्दी पांगू लागली. डॉक्टर आणि काका चौखूरच्या नावाने बोटं मोडत निघून गेले. सासरे बसून होते. मग ते म्हणाले, "घोड्यांच्या पानावर 'त्याच्या पश्चात' असं कोण लिहितं हो, जावईबापू?"

मी मागे वळून पाहिलं. बायको आली आहे का म्हणून. मागे कुणी नव्हतं. ते माझ्याशी बोलत होते.

"तुम्ही ओळखलंत?"

"दुसऱ्या ओळीला."

"पण तुम्ही तर माझं कधी..."

"रोज सकाळी तुम्ही झोपलेले असता तेव्हा पोरगी मला काय वाचून दाखवते? या वयात माणूस आधी तेच पान ऐकतो. आपल्यातलं कोण गेलं ते बघायला." त्यांनी काळा चष्मा काढून पुसला. "आमच्या खात्यातला एक कंत्राटदार गेला, तुम्ही लिहिलंत, 'सचोटीचे व मृदुभाषी'. मी त्याचे तीन पूल पाडायला लावलेत. तेव्हाच मला तुमचं वाचायची रीत कळली. ज्याला तुम्ही फार चांगलं म्हणता त्याच्यापासून जपून राहायचं. आणि ज्याला 'पण' लावता, त्याच्यात जीव असतो. तुमच्याकडून लपवला गेला नाही एवढा."

"म्हणजे आधीच्या पाच शर्यतींत..."

"खिडकीपर्यंत जाऊन पाय मोकळे करून आलो. सगळे मनमिळाऊ करून ठेवलेत तुम्ही. लावायचं कुणावर?"

मी हसलो. तेही हसले, आणि हसता हसता थांबले. काठीवरची त्यांची बोटं उगाचच हलत होती. दोन दिवस मी एकटाच अस्वस्थ आहे असं मला वाटत होतं. हा माणूस माझ्याहून घाबरलेला होता.

"उद्या भूल देणार आहेत म्हणे."

"डोळ्याचं साधं ऑपरेशन आहे, बाबा."

"साध्यानंच जातात लोक. तुम्हीच छापता, 'अल्पशा आजाराने'." ते मैदानाकडे तोंड करून बोलत होते, पण आता हवेशी नाही. "काही झालं तर तुम्हीच लिहाल. एक सांगून ठेवतो. मनमिळाऊ लिहू नका. आमच्या खात्यातले लोक हसतील."

"मग काय लिहू?"

"तापट लिहा."

"स्वभावाने तापट, पण..."

"पण नको," सासरे म्हणाले. "ते पोरगी बघून घेईल." आणि उठायला त्यांनी हात पुढे केला, माझ्याकडे.

ऑपरेशन नीट झालं. पट्टी निघाली त्या सकाळी त्यांनी पहिल्यांदा अंक मागितला आणि निधनवार्तेचं पान स्वतः वाचलं. चौखूर आता कामावर रुजू झाले आहेत आणि माझ्या टेबलावरून जाताना माझ्याकडे पाहत नाहीत. घरात सगळं पूर्वीसारखं आहे. कालच सासरे स्वयंपाकघराच्या दिशेने म्हणाले, "तुझ्या नवऱ्याला सांग, आजच्या पानात तीन मनमिळाऊ आहेत. तिसऱ्याला मी ओळखत होतो."

"मग काय लिहायला हवं होतं?" मी थेट विचारलं.

"विचारतोय तर सांग त्याला," ते मुलीला म्हणाले, "पण ते जरा लांबेल. बसायला सांग."

मी बसलो. त्यांच्यासाठीची ओळ माझ्याकडे एका शब्दाची तयार आहे. रोज मनातल्या मनात मी ती लिहून बघतो, रोज माझा हात आपसूक 'पण'कडे जातो आणि रोज मी तो मागे घेतो. ती छापायची मला अजिबात घाई नाही.